सोडलेली ओळ

माझ्या मायला ऐकू येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता ते तोंडातून रागानंच बाहेर पडतं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बोलता येत नाही, एवढंच झालंय. पण माणसं येतात, तिच्या कानाशी तोंड नेतात आणि ओरडतात, "पार्वतीबाई, बरं हाय का?" ओरडून झालं की माझ्याकडं वळून हळूच विचारतात, डॉक्टर किती दिवस म्हणाले? ते हळूच विचारलेलंही तिला ऐकू येतं. मग ती हातातला स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटते आणि पाहुणे म्हणतात, तहान लागली वाटतं.

आमचं गाव भोकरपासून सात-आठ किलोमीटरवर. बाबा, म्हणजे पंढरी नरवाडे, स्वभावानं गरीब. चार शब्द बोलायचे आणि दमायचे. घरातलं सगळं बोलणं मायकडं होतं. ओढ्याच्या अलीकडून तिनं हाक मारली की पलीकडच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मजुरी ठरवायची वेळ आली की वस्तीतल्या बाया तिलाच पुढं घालायच्या. आमच्याकडं शेत नव्हतं, आवाज होता. मी हे कौतुकानं सांगत नाही. लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाबाहेरून ती "लुंबिने" म्हणून हाक मारायची आणि चौथीचा अख्खा वर्ग हसायचा.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी अंगठा. आणि त्या अंगठ्याबाबत ती फार कडक होती. त्याला कारण घडलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते. गावातल्या एका बड्या घरच्या पोरानं आमच्या वस्तीतल्या बायांचे भरलेले हंडे लाथेनं पाडले होते, त्याची पोलिसात तक्रार गेली. आठ दिवसांनी गावातलाच एक माणूस कागद घेऊन वस्तीत आला. घरकुलाच्या यादीत नावं घालायची आहेत म्हणाला. त्यानं कागद वाचूनही दाखवला, घरकुलाचाच वाचला. सात बायांनी अंगठे दिले, त्यात माय होती. कागदावर लिहिलेलं होतं की आमची काही तक्रार नाही, जे झालं ते गैरसमजातून झालं. केस तिथंच मिटली.

त्या दिवसापासून मायचा नियम झाला. कुठलाही कागद दोघांनी वाचायचा. एकानं वाचला की त्याला बाहेर घालवायचं आणि मग दुसऱ्याला आत बोलवायचं. आणि ते दोघं शक्यतो एकमेकांशी न बोलणारे हवेत. गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे तिला तोंडपाठ असायचं, कारण तिला तशीच माणसं लागायची. रेशनकार्डाचा अर्ज, बचत गटाचे कागद, माझ्या डी.एड.च्या प्रवेशाचा फॉर्म, सगळे असेच दोन-दोनदा वाचले गेले. एकदा ऐकलेलं ती शब्दान् शब्द लक्षात ठेवायची. दोघांचं जुळलं तर अंगठा, नाहीतर कागद परत. तीस वर्षं तिला एकदाही कुणी फसवू शकलं नाही. आम्ही फसवलं. मी आणि माझ्या सख्ख्या भावानं.

भाऊ आनंदराज, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लातूरला पाटबंधारे खात्यात कारकून आहे. मी नांदेडला राहते आणि शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. बाबा गेल्यावरही माय गावातच राहिली. दोन वर्षांमागं तिचा आवाज बसला. आम्ही फोनवर हसलो. ओरडून ओरडून बसला म्हणालो. रोज सकाळी दातांना मिश्री लावायची तिची सवय आम्हाला ठाऊक होती, तरी हसलो. तीन महिन्यांनी दादा तिला लातूरला घेऊन गेला, तर घशात गाठ निघाली.

तिथल्या एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासलं, मायला आत खुर्चीवर बसवून ठेवलं आणि दादाला बाहेर व्हरांड्यात नेलं. गाठ हिची, घसा हिचा, आणि बोलणं व्हरांड्यात. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, काढलं तर बाई जगेल, नाही काढलं तर वर्षही निघणार नाही. आवाज मात्र जाईल, कायमचा. घरच्यांनी समजावून सांगा म्हणाला. म्हणजे त्याचं काम झालं. दादानं ते मला फोनवर सांगितलं. तिला कुणी सांगितलंच नाही. ती नाही म्हणेल, याची आम्हा दोघांना खात्री होती. हट्टी बाई, आवाजावर जगलेली, ती उठून सरळ भोकरची गाडी धरेल.

संमतीपत्र दोन पानांचं आणि मराठीत होतं. संध्याकाळी दादानं तिला ते वाचून दाखवलं आणि त्यातली एक ओळ सोडली. मग जिन्यात जाऊन मला फोन केला. "उद्या तुला वाचायला लावंल ती. पहिल्या पानावर खालून चौथी ओळ. तेवढी सोड," म्हणाला. मी बरं म्हणाले. एवढंच बोलणं झालं. भावाबहिणीनं एवढ्या मोठ्या चोरीला पुरतं एक मिनिटही घेतलं नाही.

सकाळी मी वॉर्डात पोचले तर मायनं दुसरा वाचणारा आधीच शोधून ठेवला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून, उदगीरकडची, जगदेवी नावाची, शिकलेली बाई. मायनं दादाला चहाला पाठवलं होतं आणि कागद जगदेवीच्या हातात द्यायच्या बेतात होती. मी तो मधूनच घेतला. आणि मी चिडले. खरोखरच चिडले, नाटक नव्हतं ते. आम्ही दोघं असताना परक्या बाईच्या हातात कागद? पोटच्या लेकरांवर भरोसा नाही का तुझा? जगदेवी बिचारी तोंड फिरवून बसली. माय ओशाळली. तिला ओशाळलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

"तसं न्हाई बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "वाच मग तूच."

मी वाचलं. वर्गात वाचते तसं, ठळक, सावकाश. ती ओळ आली, मी पाहिली आणि पुढच्या ओळीवर गेले. माझी पोरं वाचताना ओळ गाळतात तेव्हा मला लगेच कळतं, त्यांचा आवाज त्या ठिकाणी डगमगतो. माझा डगमगला नाही. वाचून झाल्यावर तिनं डोळे मिटून दोघांचं मनात ताडून पाहिलं. जुळलं. मग तिनं विचारलं, "बोलता कधी येईल?" मी म्हणाले, महिनाभरात. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि दोन्ही पानांखाली उठवला.

ती शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यात नळी. तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले, पुन्हा हलवले. तिला वाटलं असेल की आवाज अजून झोपलाय. मग तिनं आमच्याकडं पाहिलं. आणि आम्ही दुसरी लबाडी केली. आत गेल्यावर गाठ मोठी निघाली, डॉक्टरला ऐनवेळी सगळं काढावं लागलं, कुणालाच माहीत नव्हतं. बोलला दादा, पण मी मान हलवली. एरवी तिनं आमची सालटं काढली असती. कोण म्हणालं, कधी म्हणालं, तू कुठं होतीस, सगळं विचारलं असतं. आता तिला काहीच विचारता येत नव्हतं आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

मी तिला नांदेडला माझ्या घरी आणलं. माझे मिस्टर सुगत वीज मंडळात, देगलूरला असतात, शनिवार-रविवारी येतात. घरात जास्त करून आम्ही दोघीच. दादानं एक यंत्र आणून दिलं. गळ्याला लावलं की त्यातून घरघर आवाजात शब्द निघायचे. तिनं एकदाच लावून पाहिलं. शेजारची लेकरं दारात येऊन हसली. ते यंत्र तिनं ट्रंकेत टाकलं, ते अजून तिथंच आहे.

गावाकडून माणसं भेटायला यायची. त्यातला एक पुढारी, ज्याच्याशी तिनं मजुरीवरून वीस वर्षं वाद घातला होता, तो येऊन तासभर बसला, दोनदा चहा प्याला आणि जाताना समाधानानं म्हणाला की आता शांत झाली बिचारी. मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. मी दाराशी जाऊन चपला सरळ केल्या त्याच्या.

आणि मी तरी काय करत होते? तिनं हात हलवला की मी पटकन अर्थ लावायचे. पाणी. पंखा. उशी. गोळी. तिनं मान हलवून नाही म्हटलं तरी मी दुसरं काहीतरी आणून द्यायचे. ज्या बाईकडं गावभरच्या भांडणांवर मत होतं, तिला मी पाणी, पंखा आणि उशीत बसवून टाकलं.

ऑपरेशनला पाच महिने झाले असतील. मी शाळेत असताना ती एकटीच घराबाहेर पडली. तिला गावी जायचं होतं. नांदेडच्या स्टँडवर ती तीन तास उभी होती. एरवी ती आल्या-गेल्याला विचारायची, कुठली गाडी हाय ही? आता विचारायला आवाज नव्हता आणि पाटी वाचता येत नव्हती. तिनं लोकांच्या बाह्या ओढून गाड्यांकडं बोटं दाखवली. लोक बाजूला झाले. एकानं तिच्या हातावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं.

संध्याकाळी मी घरी आले तर ती पलंगावर ताठ बसली होती. तिनं ते नाणं माझ्यासमोर ठेवलं, खुणेनं सगळं सांगितलं आणि मला या वेळी सगळं कळलं. मग उठून तिनं माझी शाळेची पिशवी उघडली, नमुन्याला ठेवलेली पाटी काढली आणि माझ्या मांडीवर जोरात आदळली.

चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरं शिकवतेय. सुट्टीत गावी गेले की तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या आणि झोपा काढल्या. एक अक्षर तिला शिकवलं नाही. तुम्ही दोघं शिकलात म्हणजे मीच शिकले, असं ती सगळ्यांना सांगायची आणि आम्हाला ते ऐकायला बरं वाटायचं. आम्ही शिकलो आणि त्या शिकण्याचा उपयोग तिच्यासमोर एक ओळ गाळायला केला.

मी पहिलीचं पुस्तक उघडलं. तिनं ते बंद केलं. मगर, गवत, बदक असल्या गोष्टींशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला आधी "भोकर" हवं होतं. मग स्वतःचं नाव नाही, माझं नाही, तर "नको". मग "कोण", "कधी", "का". मी चौदा वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही. सकाळी मी डबा करायचे तोवर तिची पाटी दोनदा भरून पुसून झालेली असायची. दुपारी ती रस्त्यावर जाऊन दुकानांच्या पाट्या वाचायची आणि न कळलेली अक्षरं तळहातावर पेनानं उतरवून आणायची. तीन महिन्यांत ती एकटी गावी जाऊन आली.

तो पुढारी पुन्हा आला होता त्या दिवशीचं सांगते. नांदेडला त्याचं काही काम होतं, म्हणून डोकावला. बसला, चहा घेतला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "पार्वती लई शांत झाली, न्हाई का?" मायनं पाटी घेतली. तिला वेळ लागला. तो कपातलं फुंकत राहिला. मग तिनं पाटी त्याच्या नाकासमोर धरली. वर लिहिलं होतं, शांत न्हाई. चिडले हाय. त्यानं ते वाचलं, हसायला गेला, पण तिनं पाटी हलवली नाही. कप ठेवून तो उठला तोवर तिनं ती तशीच धरली होती. त्याच्या चपला त्या दिवशी कुणी सरळ केल्या नाहीत.

मी खूप हसले. आणि हसता हसता एकदम थांबले. कारण तो कागद घरात होता. दादाला ऑफिसात बिल टाकायचं होतं म्हणून त्यानं दवाखान्यातून सगळ्या कागदांची झेरॉक्स घेतली होती, संमतीपत्रासकट, आणि एक संच तिच्या फाईलीत लावला होता. दर तपासणीला ती फाईल लागायची. शाळेतल्या बाईला आनंद व्हायचा की विद्यार्थिनी पुढं जातेय, आणि लेक घाबरायची की ती कुठं चाललीय. मी एक कमीपणाची गोष्ट केली. न्ह, म्ह सोडून बाकीची जोडाक्षरं मुद्दाम लांबवली. म्हटलं, तिला दवाखान्याची भाषा वाचता येणार नाही एवढं बघू. सुगतला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की तूच सांगून टाक तिला, तिनं वाचायच्या आधी. मी त्याच्यावरच भडकले. तुझी आई असती तर कळलं असतं, असं बोलले. त्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली आहे.

गेल्या महिन्यात लातूरला तपासणी होती. आदल्या दिवशी मी फाईल काढून ते पान हातात घेतलं. काढून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. ठेवलं परत. मोठा चांगुलपणा सुचला म्हणून नाही, फाडायला घेतलं तर त्यावरचा तिचा अंगठा मध्ये आला, म्हणून. गाडीत सांगू, असं ठरवलं. लोहा गेलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी तोंड उघडलं आणि खिडकीतून पेरूवाल्याला हाक मारली. पेरू खात खात चाकूर आलं. फाईल सगळी वाट तिच्या मांडीवर होती.

दवाखान्यात आमचा नंबर एकतीस होता आणि आत नववा चालू होता. दादा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. लोखंडी बाकावर माय मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. दादानं मला विचारलं, नीट जेवते का? झोप लागते का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं फाईलीचं बंद सोडलं.

ती पहिल्यापासून वाचायला लागली. तपासण्यांचे कागद इंग्रजीत होते, ते तिनं उलटले. मग ते पान आलं. खाली काळा, फुटलेला अंगठा. त्यावर तिनं क्षणभर आपला अंगठा ठेवून पाहिला आणि वर जाऊन सुरुवात केली. बोट ओळीखाली, ओठ हलतायत, आवाज नाही, फक्त गळ्याच्या रुमालामागून हवेची ये-जा. जोडाक्षर आलं की ती थांबायची, अंदाज घ्यायची, नाही जमलं तर पुढं जायची. माझं शिकवणं कुठं कमी पडलंय ते मला समोर दिसत होतं.

"काय वाचून राहिली ती?" दादानं तिच्या डोक्यावरून मला विचारलं. मी त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

खालून चौथी ओळ. "या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र पूर्णपणे काढण्यात येईल व रुग्णाचा आवाज कायमचा जाईल." पहिले शब्द तिनं सोडून दिले. "आवाज कायमचा जाईल" यात अडायसारखं काही नव्हतं. बोट थांबलं. मागं गेलं, पुढं आलं. मग तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं ती एक ओळ अंगठ्यानं झाकली आणि तिच्या वरची ओळ आणि खालची ओळ सलग वाचली. दीड वर्षांपूर्वी तिनं जे दोनदा ऐकलं होतं ते असंच होतं. जुळलं.

तिनं आधी दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली आणि एकच शब्द लिहिला. दोघांनी.

दादा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले होते, वेळ नव्हता, गाठ वाढत होती, तुझ्या भल्यासाठी. कारकुनाची सगळी वाक्यं. आणि मी, जिनं मान खाली घालून गप्प बसायला हवं होतं, तीच मी चिडले. अपराधी माणसाला जसा राग येतो तसा मला आला. बाकावरची सगळी माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, "न्हाई म्हणली असतीस तू. ठाऊक हाय आम्हाला. हट्ट केला असतास आणि मेली असतीस. मग काय केलं असतं आम्ही?"

तिनं ते पूर्ण ऐकलं. मग वही पुन्हा मांडीवर घेतली. तिला खूप वेळ लागला. आत एकविसावा नंबर गेला, बाविसावा गेला. एक शब्द तिनं खोडला आणि परत लिहिला. दादा घाम पुसत होता. शेवटी तिनं वही फिरवून आम्हा दोघांच्या मध्ये धरली.

हाव म्हनले असते. आधी बोलून घेतले असते.

दादानं ते वाचलं आणि उठून खिडकीपाशी गेला, पाठ करून उभा राहिला.  तिच्याकडं एक रात्र होती, एक सकाळ होती. आवाज घोगरा होता, पण होता. ती गावात फोन लावायला सांगू शकली असती. बाबांच्या फोटोशी बोलली असती. कुणाशी शेवटचं भांडून घेतलं असतं, माझं नाव घेऊन हाक मारली असती. आम्ही तिचा जीव वाचवला असं लोकांना सांगत फिरलो, आणि तिची ती एक रात्र खिशात घालून बसलो होतो.

मी विचारलं, "माय, कुणाशी बोलायचं होतं? काय बोलायचं होतं? आता लिही. जेवढा वेळ लागंल तेवढा लाव."

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली.

आमचा नंबर यायला अजून पाऊण तास गेला. मग नर्स दारात आली, पार्वतीबाई नरवाडे म्हणून पुकारलं आणि नेहमीप्रमाणं माझ्याकडं पाहून म्हणाली, नातेवाईक या आधी. मी उठले. दादा खिडकीपासून आला. माय उभी राहिली आणि तिनं हात आडवा धरला. आधी त्याच्यासमोर, मग माझ्यासमोर. आम्ही बसलो. नर्स म्हणाली, अहो, आजींना बोलता येत नाही, कुणीतरी पाहिजे ना सोबत. मायनं वही तिला दाखवली, फाईल काखेत घट्ट धरली आणि एकटी आत गेली. दार लागलं.

ती अर्ध्या तासानं बाहेर आली. आत तिनं डॉक्टरला काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, हे आम्हाला आजपर्यंत माहीत नाही.